कोइमतूरचा रविवार

दिलावर मुलाणी विट्यात भाग्योदय पार्सल सर्व्हिसच्या गाळ्यात बुकिंगला बसायचा. त्याला लागूनच माझा छापखाना. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे अठरा वर्षं त्याचं बोलणं मी ऐकलं आणि माझ्या ट्रेडल मशीनची खडखड त्यानं ऐकली. जास्त कुणी सोसलं हे अजून ठरलेलं नाही.

आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या. दुकानं मात्र सगळी परमुलखात. कुणी कोइमतूरला, कुणी कानपूरला, कुणी पार पाटण्याला. पोरगा तिकडं आणि आई इकडं म्हटल्यावर पार्सलं आलीच. खर्डा, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, थंडीत एखादं घोंगडं. आणि पार्सल काट्यावर ठेवताना प्रत्येक बाई एकच प्रश्न विचारायची, कवा पोचंल?

दुसरा कुणी क्लार्क असता तर 'पोचंल की' म्हणून मोकळा झाला असता. दिलावरला त्या उत्तराची लाज वाटायची. बाई विश्वासानं वस्तू हातात देते, तिला निदान वार तरी सांगता आला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्यानं सांगलीला मालकांना पत्र लिहून विचारलं की कोणत्या गावाला किती दिवस लागतात ते कळवावे. मालकांचं उलट टपाली उत्तर आलं, 'लवकरात लवकर'. ते पत्र घेऊन तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "लवकरात लवकर ह्यो कुठला वार रं, लाला?"

मग त्यानं स्वतःच छडा लावायचं ठरवलं. पोस्टातनं दोनशे कार्डं आणली आणि माझ्याकडं छापायला टाकली. मजकूर एवढाच: 'पार्सल मिळाले. दिनांक. वार. सही.' मागं त्याचा स्वतःचा पत्ता. एवढ्या पाच शब्दांसाठी त्यानं माझ्याकडनं तीनदा जुळणी बदलून घेतली. तारीख असताना वार कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला की माणूस तारखेला चुकतो, वाराला चुकत नाही. माझ्या आयुष्यात मी हजारो लग्नपत्रिका छापल्या, पण एवढा चिकित्सक नवरामुलगासुद्धा पाहिला नाही.

पार्सल घेतलं की सुतळीत तो एक कार्ड खोचायचा. घेणाऱ्यानं ते भरून उलट टपालानं पाठवायचं. आणि नवल म्हणजे माणसं पाठवायची. गावाकडच्या कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारलंय, याचंच त्यांना अप्रूप असावं. आलेली कार्डं दिलावर तारेत ओवून ठेवायचा, गावागणिक एक तार. बहुतेक कार्डांवर तेलाचे नाहीतर हळदीचे डाग असायचे. त्यावरून तो पोस्टमन लोकांना नावं ठेवायचा, की जेवताना टपाल वाटतात.

सहा महिने झाले आणि एका दुपारी त्यानं भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. कोइमतूरची तार त्यानं काउंटरवर पसरली होती. बावीस कार्डं, बावीसही रविवारची. कानपूरची तार काढली तर सगळी मंगळवारची. पाटण्याची शुक्रवारची. दिलावरच्या तोंडावर असा आनंद होता की जणू परमुलखातलं गुपित त्याला एकट्यालाच सापडलं होतं.

"आपल्याकडं कसा गावागावाच्या बाजाराला वार असतो," तो म्हणाला, "तसा तिकडं पार्सलाला वार हाय."

मी म्हटलं, गाडी शनिवारी संध्याकाळी विट्यातनं निघते. कोइमतूरला पोचायला आठ दिवस लागतात म्हणजे ड्रायव्हर मधे उतरून ढकलत नेतो का? तर त्याचं उत्तर तयार. गाडी आधी पोचत असणार, पण माल तिकडच्या गोडाउनात आपल्या वाराची वाट बघत बसतो. बाजाराच्या वारावरनं कुणी भांडतं का, लाला?  छापखानेवाल्याला असंही कुणी विद्वान समजत नाही.

पुढच्या आठवड्यात त्यानं पेंटर बोलावून फळा रंगवून घेतला. काळ्यावर पांढरी अक्षरं, डावीकडं गाव, उजवीकडं पोचण्याचा वार. कोइमतूर, शनिवारी दिले तर पुढचा रविवार. स्टँडवरची माणसं खास तो फळा बघायला यायची. आणि लोकांचा त्यावर इतका विश्वास बसला की विचारता सोय नाही. हरणाबाई नावाची एक म्हातारी नातवाला दर महिन्याला धपाटी पाठवायची, तिनं आठ दिवसांचा हिशेब ऐकून धपाटी बंद केली आणि कोरडं मेतकूट सुरू केलं. दोन वर्षं कोइमतूरच्या पोरांना विट्याचं धपाटं दिसलं नाही, ते या फळ्यामुळं.

आता दिलावरच्या पोराबद्दल सांगायला हवं. अजमल त्याचा एकुलता एक. बारावी झाला, आणि दिलावरचा बेत होता की पोरगा आपल्या शेजारी काउंटरला बसावा, फळा पुढं चालवावा. अजमलला त्या गाळ्यात गुदमरल्यासारखं व्हायचं. आमच्या अंगणवाडीतल्या पारूबाई, त्यांचा मिलिंद तीन वर्षांपासून कोइमतूरला गलाईच्या दुकानात होता. मिलिंद आणि अजमल शाळेपासूनचे दोस्त. सप्टेंबरात मिलिंद सुट्टीवर आला आणि परत जाताना अजमल त्याच्याबरोबर निघाला.

निघायच्या दिवशी सकाळी ते माझ्या देखत झालं. अजमल पिशवी घेऊन गाळ्यात पाया पडायला आला. दिलावरनं मान वर न करता विचारलं, परत कवा येणार? अजमल म्हणाला, बघू, अब्बा. बास. दुसऱ्या बापाला हा शब्द साधा वाटला असता. दिलावरला तो थोबाडीत मारल्यासारखा लागला. "वार सांगता येत नसंल तर येऊच नको," तो म्हणाला. पोरगं पिशवी उचलून गेलं.

त्यानंतर पाच महिने बापलेकांचं एक अक्षर नाही. अजमलची पत्रं यायची ती आईच्या नावानं, शेवटी 'सर्वांस सलाम'. या 'सर्वांत' आपण आहोत का, हे दिलावरला विचारायचं असे, पण विचारणार कुणाला. तो त्याचं नावच काढायचा नाही. फक्त दुपारी गिऱ्हाईक नसलं की कोइमतूरची तार काढून कार्डं उगाच खालीवर करत बसायचा. मला त्याचा राग यायचा. एवढा हट्ट करावा असं पोरानं काही केलं नव्हतं, आणि ते मी त्याला दोनतीनदा तोंडावर सांगितलंही. तो म्हणायचा, तू तुझं मशीन चालीव.

फेब्रुवारीत रमजान ईद आली. घराबाहेरची अजमलची ही पहिली ईद. दिलावरच्या बायकोनं, शाहजादीभाभींनी, पोरासाठी पांढरा कुर्ता-पायजमा शिवायला घेतला, बरोबर हातच्या शेवया, खारीक आणि चारोळी पाठवायची ठरवली. पण भाभी घरी शिलाईचं काम घेतात आणि ईदच्या आधी सगळ्या गल्लीचे कपडे त्यांच्याच मशीनवर. लोकांचे आधी, घरचे शेवटी, हा त्यांचा स्वभाव. ईद येणार होती बुधवारी नाहीतर गुरुवारी, चंद्र दिसेल तसं. फळ्याप्रमाणं त्याआधीच्या रविवारी पार्सल पोचायचं तर ते आदल्या आठवड्यातल्या शनिवारच्या गाडीत जायला हवं होतं. तो शनिवार गेला आणि कुर्त्याला अजून बाह्या लागल्या नव्हत्या. कुर्ता पुरा झाला सोमवारी.

भाभी म्हणाल्या, या शनिवारी पाठवा. दिलावर म्हणाला, या शनिवारी दिलं तर ईद होऊन तीनचार दिवसांनी पोचंल. भाभी म्हणाल्या, पोचू दे, उशिरा पोचलं म्हणून कुर्ता अंगाला बसायचा राहतोय का? दिलावरनं साफ नकार दिला. वेळेवर पोचणार नाही असं माहीत असताना मी पार्सल घेत नाही, बाहेरच्याचं घेत नाही तर घरचं कसं घेऊ, असं तो म्हणाला. खरं कारण मला माहीत होतं. आधी माघार घ्यायची, आणि तीही उशिरा पोचायची, हे त्याला झेपत नव्हतं. ईदच्या दिवशी पोरानं वाट बघावी आणि हाताला काहीच लागू नये, हे मात्र त्याला झेपणार होतं. असली माणसं असतात.

भाभी पारूबाईंकडं गेल्या. पारूबाईंना आधीच खंत होती, की आपल्या मिलिंदच्या नादानं त्यांचं पोरगं गेलं. दोघींनी मिळून ठरवलं की पार्सल मिलिंदच्या नावानं पाठवायचं आणि आत चटणी आहे म्हणून सांगायचं. मला त्यांनी काम दिलं होतं ते म्हणजे शनिवारी त्या वेळेला गाळ्यात जाऊन दिलावरला बोलण्यात गुंतवायचं. माझ्यासारख्या माणसाला याहून सोपं काम कुणी दिलं नसेल.

शनिवारी चारच्या सुमारास पारूबाई आल्या. मांजरपाटात शिवलेलं गाठोडं त्यांनी काट्यावर ठेवलं. मी टाके पाहिले. लाल दोऱ्याची दुहेरी उलटी टीप, आखल्यासारखी सरळ. अशी टीप विट्यात एकच बाई घालते, आणि चोवीस वर्षं दिलावरचा प्रत्येक सदरा त्याच टिपेत शिवलेला. मी घाईनं नगरपालिकेच्या पाण्याचा विषय काढला.

दिलावर रोजाचा, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे चिडलेला. काय हाय ह्यात, त्यानं विचारलं. पारूबाई म्हणाल्या, चटणी हाय, भाऊ. काट्याकडं बघून तो म्हणाला, "चटणी लय हलकी झालीया यंदा." पारूबाईंचा चेहरा पडला. मी पाण्याच्या पाइपलाइनबद्दल असं काही बोललो की ते ऐकून दिलावरनं मला वेड्यात काढलं आणि त्या नादात त्यानं ब्रश उचलला. काळ्या शाईत बुडवून मिलिंदचा कोइमतूरचा पत्ता लिहिला. त्याचं अक्षर मोठं, गोल, प्रत्येक ओळ पट्टी धरल्यासारखी. टाक्याकडं त्याचं लक्ष गेलं नाही. त्याला जे बघायची सवय होती तेवढंच तो बघायचा.

सुतळीत कार्ड खोचून झाल्यावर पारूबाईंनी सवयीनं विचारलं, कवा पोचंल, भाऊ? दिलावरनं फळ्याकडं बोट केलं. आठ दिवसांनी, रविवारी. म्हणजे ईद होऊन गेल्यावर. पारूबाई माझ्याकडं बघत बघत पायऱ्या उतरल्या.

ईद गुरुवारी झाली. मी दरवर्षीप्रमाणं दिलावरच्या घरी शिरखुर्मा खायला गेलो. नवा सदरा घालून तो सगळ्यांना गळाभेट देत होता, पण वाटी हातात घेऊन नुसता चमचा फिरवत बसला. मधेच कुणाकडंही न बघता म्हणाला, "तिकडं कुणी केला असंल का?"  भाभी स्वयंपाकघरात निघून गेल्या. सणाच्या दिवशी माणसाला बोलू नये म्हणून मी गप्प बसलो, नाहीतर त्या दिवशी आमची मैत्री संपलीच होती.

ईद होऊन पाच दिवस झाले आणि टपालानं एक कार्ड आलं. कोइमतूर. मिलिंदची सही. वार: बुधवार. दिलावर ते घेऊन माझ्याकडं आला. दोन वर्षांत पहिल्यांदा कोइमतूरचं कार्ड रविवारचं नव्हतं. शनिवारी निघालेलं पार्सल बुधवारी पोचतं कसं? हे कार्ड खरं असलं तर फळा खोटा. त्यानं आधी छपाईत चूक झाली का ते माझ्याकडनं तपासून घेतलं. मग मिलिंदला वार कळत नाहीत, असा निष्कर्ष काढला. आणि तरीही चैन पडेना, तेव्हा फोन करून विचारूया म्हणाला.

स्टँडसमोर आकारामचा एसटीडी बूथ होता. काचेची केबिन एका माणसाची, तीत आम्ही दोघं शिरलो. फोन गलाईच्या दुकानात लागला आणि मिलिंद आला. त्या फोनचा आवाज इतका मोठा होता की रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरावा लागायचा, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. दिलावरनं नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, कार्डावर वार चुकीचा का लिहिलास?

मिलिंद म्हणाला, "चुकीचा न्हाई, काका. पार्सल हितं बुधवारीच येतं. नेहमीच."

मग दोन वर्षं रविवार का लिहिता रं? दिलावर ओरडलाच. तेव्हा मिलिंदनं सांगितलं ते असं. पार्सल बुधवारी येतं, पण कुणी उघडत नाही. भिंतीकडच्या फळीवर ठेवून देतात. रविवारी दुकानं बंद असतात, त्या दिवशी आपल्या भागातली तीसचाळीस माणसं एका खोलीत जमतात आणि आठवड्याची सगळी पार्सलं एकदम उघडतात. सगळ्यांचं सगळ्यांनी खायचं. आपलं पार्सल एकट्यानं उघडून खाणाऱ्याला वर्षभर चिडवतात. आणि जेवणं झाली की तिथंच बसून कार्डं भरतात, म्हणून तेलाचे डाग. वार कुणाला कशासाठी लागतोय हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही. अजमलला फळा ठाऊक होता, पण त्याचं बापाशी बोलणंच बंद होतं. दुसऱ्या गावांतही हीच रीत असणार, फक्त सुट्टीचा वार वेगळा.

 दोन वर्षांच्या तारा, पेंटरनं रंगवलेला फळा, हरणाबाईची धपाटी, सगळं दिलावरच्या डोळ्यापुढनं जात असणार. मला हसू आवरत नव्हतं आणि हसायची हिंमतही होत नव्हती. शेवटी त्यानं अगदी बारीक आवाजात विचारलं, "मंग ह्ये बुधवारी का उघडलंसा?"

 मग मिलिंद म्हणाला, "काका, अजमलकडं देतो."

दिलावरनं रिसीव्हर कानाला घट्ट लावला आणि पुन्हा लांब धरला. अजमलचा आवाज आला. "अब्बा," तो म्हणाला, "शिलाई बघितली आणि अम्मीची हाय म्हणून वळकली. दुसऱ्या दिवशी ईद. सगळी म्हणाली, रविवार ऱ्हाऊ दे, आजच उघडू." मग पुढं म्हणाला, "नाव मिलिंदचं होतं, पण अक्षर तुमचं. राग गेलाय ते मला कळू नये म्हणून त्याच्या नावानं पाठवलंसा न्हवं? मला कळलं, अब्बा. कुर्ता घालून मी लय रडलो."

दिलावर माझ्याकडं बघायला लागला. मी फोनच्या मीटरचे लाल आकडे वाचायला लागलो. आता त्याला सगळं कळलं होतं, हलकी चटणीही, पाण्याची पाइपलाइनही. मला भीती वाटली की हा आता खरं बोलणार. जो माणूस एका वारासाठी दोनशे कार्डं छापून घेतो, तो खरं बोलणारच. ते मी पाठवलं नव्हतं, मला फसवून पाठवलं, असं तो सांगणार आणि पोरगं तिकडं पुन्हा पाच महिने मागं जाणार.

"व्हय," दिलावर म्हणाला. "मीच पाठवलं."

मग त्यानं विचारलं की कुर्ता बसला का अंगाला. खांद्यात जरा घट्ट झालाय, अजमल म्हणाला. माप कळीव, दिलावर म्हणाला, पुढच्या शनिवारी दुसरा गाडीत घालतो. पाच महिन्यांचा माझा राग त्या केबिनमधेच विरला, आणि मला वाटतं त्याचाही.

बाहेर आल्यावर त्यानं माझा दंड धरला आणि बजावलं, की मी फोनवर काय बोललो ते शाहजादीला सांगायचं नाही. मी शपथ घेतली आणि ती पाळलीही. त्याची गरजच पडली नाही. घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी त्यानंच भाभींना सगळं सांगितलं, आणि दारातच उभा राहून रडला.